सोसायटीत नव्याची पुनव करावी का? दाराला ‘नवं’ बांधण्याबद्दल

लांजेकर

नमस्कार मंडळी. आमची भांडुपची सोसायटी, दोन विंग, १६० घरं. दरवर्षी कोजागरीला गच्चीवर मसाला दूध, भेळ आणि अंताक्षरी असते. यंदा सांस्कृतिक समितीत माझं नाव आहे, आणि दोन वर्षं मनात घोळणारी एक गोष्ट मी बैठकीत बोलून टाकली. आश्विन पौर्णिमा म्हणजेच नवान्न पौर्णिमा, आमच्याकडची नव्याची पुनव. तर त्या दिवशी प्रत्येक दाराला नवं बांधू आणि दुधाबरोबर नव्या तांदळाची खीर करू.

ज्यांनी नवं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरी आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, कुर्डूचं फूल आणि एक झेंडू अशी जुडी बांधतात. ती दाराला, देवघराला, तुळशीला, कणगीला, विहिरीला, नांगराला, जिथून म्हणून आपलं पोट भरतं तिथे लावायची. ती वर्षभर तिथेच राहते. पुढच्या वर्षी जुनी उतरवून नवी.

बाबा गिरणीत होते, लालबागला चाळीत आमची खोली. काका आदल्या रात्रीच्या एसटीने निघून पहाटे परळ डेपोला उतरायचे, खांद्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भारा. आई पॅसेजमध्ये बसून जुड्या करायची आणि आम्ही पोरं मजल्यावरच्या सगळ्या दारांना बांधत सुटायचो. १९८२ च्या संपात घरात पगार येत नव्हता. त्या वर्षीही काका आले, नव्याबरोबर अर्धं पोतं तांदूळ घेऊन. आई दाराला जुडी बांधताना रडली होती. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि मला वाटलं दोरा बोटाला कापला.

बैठकीत निम्मे लोक ‘करूया’ म्हणाले. निम्म्यांना प्रश्न होते. लोंब्या आणायच्या कुठून? कोकणाबाहेरच्या लोकांचं याच्याशी काय नातं? अन्नाची नासाडी नाही का? तुमच्यापैकी कुणी सोसायटीत असं केलं आहे का? अनुभव हवेत.

देवगडची_पोर

आमच्याकडे दसऱ्यालाच नवं आणतात, पौर्णिमेपर्यंत थांबत नाहीत. घाटकोपरच्या घरी सासूबाई अजून बांधतात, पण एकट्या आमच्याच दाराला. शेजारी विचारतात, हे तोरण कुठून घेतलं? सगळ्या मजल्याने बांधलं तर किती छान दिसेल! नक्की करा.

बैठकीतला_चंद्र

कोजागरीवर आधीच इतका भार आहे. दूध आटवायचं, मुलांचे कार्यक्रम, दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि चंद्र मध्यरात्री डोक्यावर. २८ ऑक्टोबर २०२३ ला तर कोजागरीच्या रात्रीच ग्रहण आलं, तेव्हा दूध कधी प्यायचं यावर आमच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली होती. त्यात आता खीर? एकाच रात्री दूध आणि खीर दोन्ही जड होईल. खीर सकाळी ठेवा.

ठाणेकाकू

सकाळीच ठेवा! आणि नव्या तांदळाला पाणी बेताने घाला. जुन्या तांदळाच्या अंदाजाने घातलं तर चिकट गोळा होतो. भात करायचा तर कुकरमध्ये अजिबात नको, पातेल्यात उघडा शिजवायचा. खिरीला मात्र तो चिकटपणा चांगला, दाटपणा आपसूक येतो. तांदूळ तुपावर परतून, भरड काढून, नारळाच्या दुधात. गूळ उतरवताना घालायचा, नाहीतर दूध फुटतं.

बैठकीतला_चंद्र

काकू, दोनशे माणसांना दूध किती घ्यावं? धागा वेगळा आहे पण विचारून घेतो.

ठाणेकाकू

चाळीस लिटर घे. पेलाभर दिलंस तरी पुरतं, थोडं आटलं तरी हरकत नाही. केशर कोमट दुधात आधी भिजव. आणि जायफळ शेवटी.

तळमजला_१०२

मी विरोधात आहे, आणि का ते नीट सांगतो. नवं हा ज्याने चिखलात उभं राहून लावणी केली त्याचा सण. वर्षभर घाम गाळला, पीक हाती आलं, पहिला घास देवाला दिला, मग स्वतः खाल्ला. माझे आजोबा नवान्न झाल्याशिवाय नव्या तांदळाला हात लावत नसत, मग घरात जुना संपलेला असला तरी चालेल. आपण वर्षभर पिशवीतला तांदूळ खातो, तो कुठल्या राज्यात पिकला ते ठाऊक नसतं. आपल्याला ‘नवं’ कशाचं? दादरहून जुडी आणून लिफ्टशेजारी टांगली की फोटो चांगला येईल, पण सण झाला असं मी म्हणणार नाही. लांजेकरांच्या घरी ते खरं होतं, कारण भारा त्यांच्याच शेतातून आला होता.

देवगडची_पोर

१०२, मग शहरात जन्मलेल्यांनी करायचं काय? माझ्या मुलीने भाताचं रोप पाहिलेलं नाही. तिला लोंबी हातात धरून, सोलून, आतला दाणा दाखवायचा असेल तर वर्षातला कुठला दिवस आहे आपल्याकडे?

उत्तनकर

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचाच मूळचा ख्रिश्चन. हा धागा वाचून राहवलं नाही. नव्या भाताचा सण मुंबईत गिरगाव-लालबागच्या चाकरमान्यांबरोबर आला असं काहींना वाटत असेल, पण मुंबईचा स्वतःचा आहे तो. आमचा आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार, म्हणजे यंदा ४ तारीख. भाताच्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग लोंब्या घरोघर वाटतात. आम्ही वेदीजवळच्या लोंब्या घरी आणून क्रुसाला लावतो. बँड, लुगडी नेसलेल्या बायका, काही ठिकाणी सजवलेली बैलगाडी. घरी फुगे, म्हणजे मैद्याचे गोल गोळे, तळलेले असतात.

साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या बेटावर, गावठाणांच्या भोवती सगळी भातशेती होती. आज तिथे इमारती आहेत, पण आगेरा थांबला नाही. ज्या गावठाणात आता एक खाचरही उरलं नाही ते गोराई, उत्तन, वसईकडून लोंब्या मागवतात. १०२ यांना माझं नम्रपणे सांगणं आहे की जमीन गेली म्हणून आम्ही सण सोडला असता तर इथे शेती होती हे आमच्या मुलांना कुणी सांगितलं असतं? माझ्या आजीचं खाचर जिथे होतं तिथे आज सात मजली इमारत आहे. लोंबी हातात घेतली की मला ते खाचर दिसतं.

तळमजला_१०२

उत्तनकर, तुमचं खाचर गेलं, तुमचा हक्क आहे. माझा प्रश्न ज्यांचं कधी नव्हतंच त्यांच्याबद्दल आहे. पण तुम्ही लिहिलेलं वाचून मी थांबलो, हे मान्य करतो.

घाटावरचा

आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे भात नाही, त्यामुळे नवं नाही. घटस्थापनेला मातीत धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते उगवलेलं धान टोपीत खोचतो. खरा शेतातला सण म्हणजे येळवस, वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या अवसेला अख्खं गाव शेतात. ज्वारी उभी असते, कडब्याची कोप (खोपी) करून तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे. त्या दिवशी अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. मुंबईत आल्यापासून मी ती दरवर्षी मनातल्या मनात करतो. लांजेकर, तुमच्या जुडीत ज्वारीचं एक कणीस घालाल का? आमच्यासारखेही तुमच्या सोसायटीत असतीलच.

लांजेकर

घाटावरचा, ही सूचना मी उद्याच समितीपुढे ठेवतो. बी विंगमध्ये उदगीरचं एक कुटुंब आहे.

मीनाक्षी_चेंबूर

आमच्या सोसायटीत ओणमला पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी काढतात, अत्तम या पहिल्या दिवसापासून दहा दिवस. शेजारच्या अम्मांकडून कळलं की त्यांच्याकडेही भाताच्या लोंब्या घरात आणतात. निरपुत्तरी म्हणतात, गुरुवायूरच्या देवळातही होतं. लोंब्या घरात घेताना म्हणतात ‘इल्लम निरा, वल्लम निरा’, घर भरू दे, टोपली भरू दे. मी मालवणी. मला एकदम आमच्या आजीची आठवण झाली. तेव्हा ‘कोकणाबाहेरच्यांचं काय नातं’ असं विचारणाऱ्यांना सांगा की भात जिथे जिथे पिकतो तिथे तिथे हे आहे.

फोंडेकर_अंधेरी

गोव्यात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम. नवीन कणसं गणपतीपुढे ठेवतात. आणि ख्रिश्चनांचं कणसाचं फेस्त ऑगस्टमध्ये, ताळगावचं २१ तारखेला. आमच्या इमारतीत मंगळूरचं कॅथलिक कुटुंब आहे, त्यांचं मोंती फेस्त ८ सप्टेंबरला. त्या दिवशी ते मासेही खात नाहीत, चर्चमधून आणलेल्या नव्या दाण्यांचा कण घरातल्या सगळ्यांच्या वाटीत घालतात. जो हजर नाही त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवतात.

अनुजा_मुलुंड

पंचमीवरून सांगते. आमच्या गेटवरचे दादा ओडिशातल्या संबलपूरकडचे. यंदा ऋषिपंचमीला सकाळी ते नवीन शर्ट घालून उभे होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून ‘नुआखाई जुहार’ म्हणत होते. नुआखाई म्हणजे नवं खाणं, जुहार म्हणजे नमस्कार. त्यांच्याकडे तो वर्षातला सगळ्यात मोठा सण, भाद्रपद शुद्ध पंचमीचा. आई त्या दिवशी उपवासाला होती, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून ऋषीची भाजी. एकाच तिथीला आई बैलाच्या कष्टाचं टाळते आणि दादा त्याच कष्टाचा पहिला घास खातात! मला दोन्हींत बैलाबद्दलची मायाच दिसली. त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही त्यांना डबा दिला, पण नव्या तांदळाचा नव्हता, याची चुटपुट राहिली.

मालवणी_मसाला

अनुजा, वाचून डोळ्यात पाणी इला.

काटकसर

भावनेत सगळे वाहून जाताय, पण नासाडीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. १६० घरं, प्रत्येक दारी जुडी. खायचं धान्य वर्षभर टांगून वाळवायचं आणि मग निर्माल्यात? मला पटत नाही.

कर्जतकर

हिशोब करून सांगतो, घरची भातशेती आहे. प्रत्येक दाराला पाच लोंब्या धरल्या तर ८०० लोंब्या. एका चुडाला, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्याला, आठ-दहा लोंब्या येतात, म्हणजे शंभरेक चूड. ओळीत २० सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटरवर लावणी असेल तर एका चौरस मीटरमध्ये ३३ चूड बसतात. म्हणजे तुमच्या अख्ख्या सोसायटीला तीन चौरस मीटर शेत पुरतं, अंगणात अंथरलेल्या दोन चटयांएवढं. त्यातून निघणारं भात सव्वा किलोच्या आसपास. लग्नात एका पंगतीत याहून जास्त अन्न ताटात उरतं.

आणि तेही वाया जात नाही. बाल्कनीत एक जुडी बांधून बघा. आठ दिवसांत चिमण्या येतात, लोंबीला उलट्या लटकून एकेक दाणा सोलून खातात आणि तूस खाली टाकतात.

आता महत्त्वाचं. यंदा ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि कोजागरी २५ ला. इतक्या उशिरा हळवं भात शेतात उभं नसतं. ते शंभर-एकशेदहा दिवसांचं, जूनमध्ये पेरलं तर दसऱ्याआधीच कापून झोडून होतं. तुम्हाला निमगरवं (मधल्या मुदतीचं) सांगावं लागेल, किंवा गरव्यातलं (उशिराच्या भातातलं) पिवळं पडत आलेलं. गेल्या वर्षी कोजागरी ६ ऑक्टोबरला होती, तेव्हा हळव्याची लोंबी हवी तेवढी मिळत होती. म्हणून आत्ताच एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा, आयत्या वेळी बाजारात शोधू नका.

दुसरं, परतीचा पाऊस. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण शेवटच्या सरीत भात आडवं होतं आणि पाण्यात पडलेल्या लोंबीला दोन दिवसांत मोड येतात. तेव्हा शेतकरी चिखलात उभा राहून जे वाचेल ते कापत असतो. अशा वेळी त्याला फोन करून ‘आमच्या जुड्यांचं काय’ असं विचारू नका. त्या वर्षी जे मिळेल त्यावर भागवा.

काटकसर

दोन चटया! हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझा मुद्दा मीच मागे घेतो. धन्यवाद कर्जतकर.

दादर_पहाट

दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात लोंब्या मिळतात. कसारा, शहापूर, पालघरकडच्या आदिवासी बायका झेंडू, आपटा, लोंब्या घेऊन रात्रीच येऊन फुटपाथवर झोपलेल्या असतात. एक विनंती. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. शेवटची लोकल पकडून आलेली बाई आहे ती, उरलेला माल परत नेऊ शकत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं.

आजोबा_गिरगाव

दारापाशी दिवाळीचे दिवे लागतात हे विसरू नका. कोजागरीनंतर दोनच आठवड्यांनी लक्ष्मीपूजन आहे. तोवर लोंबी कडक वाळलेली असते, ठिणगीला पुरेशी. चौकटीच्या वर मधोमध बांधा, बाजूला लोंबकळत ठेवू नका. आणि बांधण्याआधी एक दिवस कडक ऊन द्या, म्हणजे महिन्याभरात दाण्यातून पाखरं निघत नाहीत. आमच्या वाडीत नवं नळाच्या चावीलासुद्धा बांधायचे. म्युनिसिपालिटीचं पाणी पहाटे चारला यायचं, तीच आमची विहीर.

देवगडची_पोर

आजोबा, नळाची चावी! लांजेकर, मग तुमच्याकडे पंपरूमला एक बांधाच. आणि लिफ्टच्या मशीनरूमला, आणि गेटवरच्या केबिनला.

बैठकीतला_चंद्र

कचऱ्याची गाडी ढकलत नेणाऱ्या ताईंच्या गाडीलाही. त्या आल्या नाहीत तर आमची इमारत दोन दिवसांत गुदमरते.

तळमजला_१०२

चार दिवस विचार केला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. नुसत्या जुड्या नकोत, हे अजूनही म्हणतो. पण त्याच शेतकऱ्याकडून सोसायटीने नवा तांदूळही घ्यावा, प्रत्येक घराने निदान पाच किलो, त्याने सांगितलेल्या भावाने आणि पैसे आगाऊ. मग तो तांदूळ कुणी पिकवला ते नाव-गावासकट ठाऊक असेल, आणि त्या घराला नवान्न करायचा हक्क आहे असं मी मानेन. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघरचा वाडा भांडुपहून फार लांब नाही. सुरुवात तिथून करता येईल. शक्य असेल तर शेतकऱ्यालाच सहकुटुंब बोलवा. पहिली जुडी त्याच्या हातून बांधा.

कर्जतकर

१०२, हे फार चांगलं सुचवलंत. फक्त एक. २५ ऑक्टोबरला तांदूळ हवा असेल तर हळव्याचाच मिळेल, तो तोवर झोडून गिरणीतून निघालेला असेल. कोलम उशिराचं पीक, त्याचा नवा तांदूळ डिसेंबरात सांगा. म्हणजे लोंब्या निमगरव्याच्या आणि खीर हळव्याची. आमच्या गावातल्या दोघांशी बोलतो आणि लांजेकरांना विपूत (विचारपुशीत) कळवतो.

उत्तनकर

आणि ४ तारखेला कुणाला आगेरा बघायचा असेल तर उत्तनला या. सकाळची मिस्सा झाली की मिरवणूक. जेवूनच जायचं.

लांजेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, दोन चटयांपाशी सगळे हसले आणि नुआखाईपाशी गप्प झाले. आमच्याही गेटवर ओडिशातल्याच बरगढचे एक काका आहेत हे त्यानंतर कुणीतरी सांगितलं. सहा वर्षं ते आमच्याकडे आहेत आणि आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. मेंटेनन्समधून एक रुपया नाही, ज्याला हवं त्याने वर्गणी द्यायची. ज्या घराला दाराला जुडी नको त्यांना आग्रह नाही. ९४ घरांनी तांदळासाठी नावं दिली. कर्जतकरांच्या गावातल्या शेतकऱ्यांना आगाऊ पैसे पुढच्या आठवड्यात जातील, आणि एक कुटुंब मुक्कामी येणार आहे, आमच्याच घरी. खीर सकाळी, दूध रात्री. ज्वारीचं कणीस जुडीत असेल. पंपरूम, लिफ्ट, केबिन आणि कचऱ्याची गाडी यांच्या जुड्या आधी बांधायच्या, घरांच्या नंतर.

आई आता ८१ वर्षांची आहे. रात्री तिला हे सगळं सांगितलं. म्हणाली, लॉबीत मला एक पाट टाकून द्या, मी बसते, पोरींना जुडी कशी वळायची ते दाखवते. मग थोड्या वेळाने आतून हाक मारली. “सुतळी आणू नकोस रे, लोंबी तुटते. केळीचं सोपट आण, आदल्या रात्री भिजत घाल.”

भांडुप-मुलुंडमध्ये केळीची सोपटं (खोडाची सालं) कुठे मिळतील, कुणी सांगू शकेल का?